माळावरची सुवासिक घोडेघुई : ओळख आणि नोंद

पुणे-नाशिक मार्गावर राजगुरुनगर आणि मंचर यांच्या दरम्यान पेठ हे गाव आहे. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठार या नावाने परिचित असलेल्या टापूतील हे एक प्रमुख गाव होय. खरिपातील बटाट्याच्या पिकाने या पठाराला सर्वत्र नाव मिळवून दिले आहे. परंतु पिकाखालील जमिनीच्या पलीकडे मुरमाड माळ, टेकड्यांचे उघडे उतार आणि गायराने यांचाही एक प्रदेश आहे. सरकारी दप्तरात त्याची नोंद बहुधा 'पडीक' किंवा 'पोटखराबा' अशी होते. गवत आणि गुराखी यांखेरीज तेथे दुसरे काही नाही, असा एक समज त्यामुळे रूढ झाला आहे.

वस्तुतः भाद्रपद-आश्विनात पाऊस ओसरू लागला म्हणजे अशाच जमिनीवर रानफुलांचा एक मोठा मेळा भरतो. त्यात तुळशीच्या कुलातील अनेक सुवासिक वनस्पती असतात. त्यांपैकी एक म्हणजे घोडेघुई. पुणे जिल्ह्यातील टेकड्यांच्या उघड्या, गवताळ उतारांवर ती आढळते. अत्तरे आणि साबण यांमुळे सर्वांना ठाऊक असलेल्या लॅव्हेंडरची ही सख्खी देशी बहीण आहे, हे मात्र फारच थोड्यांना माहीत असते.

एका रानफुलाची ओळख पटवून घेणे हा केवळ हौशी मंडळींचा विषय आहे, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांच्या स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन करावयाच्या असून, लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे या समित्यांचे मुख्य कार्य आहे. २०१२ साली स्थापन झालेले नागपूर येथील महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ या कामी मार्गदर्शन करते. गावच्या वनस्पतीचे नाव आता गावच्या दप्तरात लिहिले जाते. ते नाव चुकले तर गाव परक्या तणाला आपले म्हणेल आणि आपल्या वनस्पतीला तण समजून उपटून टाकील. यास्तव सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक आणि समितीचे सदस्य यांना ही ओळख असणे अगत्याचे आहे.

कुलाची लक्षणे

तुळस, सब्जा, पुदिना, तुंबा, पांगळी आणि घोडेघुई या सर्व वनस्पती एकाच कुलातील होत. वनस्पतिशास्त्रात या कुलाला लॅमिएसी असे नाव आहे. जुन्या ग्रंथांत त्याचा उल्लेख लेबिएटी असा येतो. या जुन्या नावाचे मूळ ओठ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, कारण या कुलातील फुलाच्या पाकळ्या जुळून त्याची नळी होते आणि नळीच्या तोंडाशी वरचा व खालचा असे दोन ओठ दिसतात. जगभर या कुलाच्या सुमारे सात हजार जाती आहेत.

शेतातील वा माळावरील एखादे झुडूप या कुलातील आहे किंवा नाही, हे ठरविण्यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नाही. प्रथम कोवळे खोड बोटांच्या चिमटीत धरून फिरवावे. ते चौकोनी असल्याचे बोटांनाच जाणवते. नंतर पाने पाहावीत. ती समोरासमोर जोडीने येतात आणि एक जोडी पूर्व-पश्चिम असेल, तर तिच्या वरची जोडी दक्षिणोत्तर असते. पान चुरडून पाहिल्यास बहुतेक जातींत वास येतो. हा वास पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतील तेलाचा असतो. अखेरीस फूल आणि फळ पाहावे. फूल दोन ओठांचे असते. वाळलेल्या फुलाच्या पुष्पकोशात, म्हणजे देठाजवळच्या हिरव्या वाटीत, डोकावल्यास तळाशी चार बारीक, कठीण दाणे दिसतात. सर्वसामान्य माणूस त्यांना बी म्हणतो.

ही लक्षणे एकत्र पाहावयाची असतात. एकट्या खोडावरून किंवा एकट्या वासावरून केलेला निष्कर्ष फसवा ठरतो. याचे ठळक उदाहरण म्हणजे घाणेरी किंवा टणटणी. तिचे खोड चौकोनी, पाने समोरासमोर आणि त्यांना उग्र वासही आहे. परंतु तिची फुले गोल गुच्छात येतात आणि फळ रसाळ असून पिकल्यावर काळे होते. ती अमेरिकेतून आलेली, निराळ्या कुलातील वनस्पती आहे.

येथे शिक्षकांसाठी आणखी एका गोष्टीचा उल्लेख करावयास हवा. साग, शिवण आणि निर्गुडी यांना पूर्वी घाणेरीच्या कुलात स्थान होते. गेल्या काही दशकांतील संशोधनानंतर त्यांचा समावेश तुळशीच्या कुलात करण्यात आला आहे. सागाच्या कोवळ्या फांदीला हात लावून पाहिल्यास तिचा चौकोनी आकार विद्यार्थ्यांना सहज कळेल. वर सांगितलेले चार दाण्यांचे लक्षण मात्र या वृक्षांना लागू पडत नाही. ते तुळशीसारख्या लहान वनस्पतींसाठी उपयुक्त आहे.

घोडेघुई कशी ओळखावी

घोडेघुईचे झाड दीड-दोन हात उंचीचे, सरळ वाढणारे असते. तिचे सर्वांत स्पष्ट लक्षण म्हणजे तिची पाने. ती तुळशीसारखी अखंड नसतात. प्रत्येक पान पिसासारखे चिरलेले असून त्या चिरा पुन्हा चिरलेल्या असतात. त्यामुळे पानाचे अरुंद, दोऱ्यासारखे भाग झालेले दिसतात. लॅव्हॅन्ड्युला बायपिन्नाटा या तिच्या शास्त्रीय नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थच 'दोनदा पिसासारखे विभागलेले' असा आहे.

फुले येण्याची वेळ झाली म्हणजे पानांच्या वर लांब, उघडा दांडा निघतो आणि त्याच्या टोकाला सडपातळ कणीस धरते. कणसावर टोकदार छदांच्या बगलेत फुले येतात. त्यांचा रंग पांढऱ्यापासून फिकट निळसर-जांभळ्यापर्यंत असतो. फुलाचा वरचा ओठ दोन पाळ्यांचा व मोठा, तर खालचा तीन पाळ्यांचा असतो. पुंकेसर चार असून ते नळीच्या आत दडलेले असतात. सर्वसाधारणपणे पावसाळ्याच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत हिचा बहर पाहावयास मिळतो.

पान चुरडल्यास कापरासारखा सौम्य वास येतो. या वनस्पतीच्या तेलाचे पृथक्करण केले असता त्यात कापूर व मेंथॉल यांसारखे घटक आढळले आहेत. तथापि व्यापारी लॅव्हेंडर म्हणून जे तेल विकले जाते, ते भूमध्य सागराच्या प्रदेशातील निराळ्या जातींपासून काढतात. अलीकडच्या काळात जम्मू-काश्मीरमधील भदरवाह भागात ज्या लॅव्हेंडरची शेती नावारूपास आली, तेही हेच परदेशी मूळ असलेले झाड होय. आपल्या माळावरील घोडेघुई तोडून त्या भावाने विकता येईल, अशी कोणी आशा दाखविल्यास पंचायत सदस्यांनी सावध राहावे. तिचे मोल वेगळे आहे.

ते मोल कोणते? लॅव्हॅन्ड्युला या प्रजातीच्या जगात सुमारे चाळीस जाती आहेत आणि त्यांपैकी बहुसंख्य भूमध्य सागराचा परिसर, उत्तर आफ्रिका व अरबस्तान येथे वाढतात. भारताच्या स्वतःच्या अशा जाती दोनच आहेत. शास्त्रज्ञांनी या दोघींचा एक स्वतंत्र गट मानला असून त्या गटात तिसरी जात नाही. त्यांतील एक घोडेघुई. दुसरीचे नाव लॅव्हॅन्ड्युला गिब्सोनाय. हिचा बांधा अधिक उंच व भरदार आणि पानांचे भाग रुंद असतात. ती सह्याद्रीखेरीज जगात अन्यत्र आढळत नाही.

जुन्नरशी जुना संबंध

या दुसऱ्या जातीच्या नावात जुन्नर परिसराच्या इतिहासाचा एक धागा आहे. अलेक्झांडर गिब्सन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील डॉक्टर. १८३८ मध्ये पुण्याजवळील दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे ते अधीक्षक झाले. औषधी वनस्पतींच्या लागवडीसाठी जुन्नरजवळ हिवरे येथेही त्यांच्या देखरेखीखाली एक बाग होती. पुढे १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि १८६० पर्यंत त्यांनी ते काम पाहिले.

मुंबईच्या टपाल खात्यातील एक अधिकारी जॉन ग्रॅहम यांनी मुंबई व आसपासच्या वनस्पतींची एक सूची तयार केली. ती १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. या सूचीत ग्रॅहम यांनी सह्याद्रीतील या लॅव्हेंडरला गिब्सन यांचे नाव दिले. १८६१ साली डाल्झेल आणि गिब्सन यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ निघाला. त्यानंतर पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात इलाख्याच्या वनस्पतींचा विस्तृत कोश भागशः प्रसिद्ध केला. आजही महाराष्ट्रातील अभ्यासकांच्या टेबलावर तो असतो.

जुने ग्रंथ चाळणाऱ्या शिक्षकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की घोडेघुईचा उल्लेख त्यांत लॅव्हॅन्ड्युला बर्मानाय अशा नावाने येतो. नाव बदलले, वनस्पती तीच आहे. शास्त्रीय नावांतही असे फेरफार होतात. म्हणूनच नोंद करताना नावासोबत वर्णन लिहिणे आवश्यक असते. वर्णन नीट असेल, तर नावातील चूक पुढे कोणालाही दुरुस्त करता येते.

घोटाळा कोठे होतो

पहिला घोटाळा गाजरगवताशी होतो. गाजरगवत हे मूळ अमेरिकेतील तण. भारतात त्याच्या उपद्रवी प्रसाराकडे प्रथम लक्ष वेधले गेले ते १९५५ च्या सुमारास पुण्यातच. दरवर्षी ऑगस्टमध्ये ठिकठिकाणी गाजरगवत निर्मूलनाची मोहीम निघते. शाळांचे विद्यार्थी व ग्रामस्थ तीत उत्साहाने भाग घेतात. या दिवसांत घोडेघुईला फूल आलेले नसते आणि तिची चिरलेली पाने गाजरगवताच्या पानांसारखीच भासतात. एका दृष्टिक्षेपात दोहोंतील फरक कळत नाही आणि तणासोबत ती उपटली जाण्याचा संभव असतो. येथे खोड व पाने यांचे लक्षण उपयोगी पडते. गाजरगवताच्या खोडावर पाने एकाआड एक येतात आणि खोड चौकोनी नसते. घोडेघुईची पाने समोरासमोर असून खोडाला चार कडा असतात. मोहिमेच्या आदल्या दिवशी शिक्षकांनी ही एवढी गोष्ट मुलांना प्रत्यक्ष दाखविली, तरी पुरे.

दुसरा घोटाळा 'रानतुळस' या नावाचा आहे. हे नाव निदान दोन वनस्पतींना लावले जाते. त्यांपैकी एक खरोखरीची तुळशीची बहीण आहे. तिचे शास्त्रीय नाव ऑसिमम अमेरिकानम असे असले, तरी नावावरून फसू नये. ती जुन्या जगातील, म्हणजे आफ्रिका व आशिया खंडांतील आहे. तिची फुले बारीक, पांढरट असतात व मंजिरीवर थराथराने येतात. पुंकेसर खालच्या ओठावर बाहेर आलेले दिसतात. वाळलेली मंजिरी हातात चुरडली तरी टोचत नाही.

दुसरी रानतुळस ही उष्ण कटिबंधातील अमेरिकेतून आलेली आहे. काही ठिकाणी तिला विलायती तुळस असेही म्हणतात. पुस्तकांत ती हिप्टिस सुआवेओलेन्स या नावाने आढळते. अलीकडे तिचे नाव मेसोस्फेरम सुआवेओलेन्स असे झाले आहे. ती रस्त्याच्या कडेने आणि पडीक जमिनीवर दाट माजते. उग्र वासामुळे गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. तिची निळसर-जांभळी फुले पानांच्या बगलेत लहान झुपक्यांनी येतात. पुष्पकोशाला सुईसारखे पाच दाते असतात. वाळल्यावर ते बोटांना टोचतात. एवढ्या एका खुणेने देशी आणि विलायती यांतील फरक कोणासही सांगता येईल.

नोंदवहीत केवळ 'रानतुळस' असे लिहिले, तर या दोहोंतील कोणती, हे वाचणाऱ्यास कळावयास मार्ग नाही. एखाद्या समितीने संरक्षण करावयाच्या वनस्पतींच्या यादीत विलायती तणाचा समावेश केला, तर त्या संरक्षणाने गायरानातील गवतच मागे हटेल.

तालुक्याच्या पश्चिमेकडे, भीमाशंकरच्या बाजूस, पाऊस व सावली अधिक. तेथे पांगळी भेटते. तिची पाने रुंद व दातेरी, वास उग्र आणि फुले हिवाळ्यात येतात. फुलाबाहेर डोकावणाऱ्या पुंकेसरांवर दाढीसारखे केस असतात. तुंबा तर सर्वपरिचित आहे. त्याच्या शुभ्र फुलाचा वरचा ओठ टोपीसारखा व केसाळ असतो. या दोहोंचा घोडेघुईशी घोटाळा होत नाही. परंतु कुलाची ओळख शिकविताना त्यांचा चांगला उपयोग होतो.

नोंद कशी करावी

नोंद करणाऱ्याने प्रथम स्थानिक नाव विचारावे आणि ते ज्या उच्चारात ऐकले त्याच उच्चारात लिहावे. घोडेघुई हे नाव पुस्तकांतून आढळते. प्रत्येक वाडीवर तेच असेल, असे नाही. गवत कापणाऱ्या स्त्रिया, मेंढपाळ, तसेच तालुक्याच्या पश्चिम भागातील महादेव कोळी व ठाकर समाजांतील वयस्क मंडळी यांच्यापाशी निराळी नावे असू शकतात. ती सर्व लिहून घ्यावीत. नाव सांगणाऱ्याला वनस्पती प्रत्यक्ष दाखवूनच विचारावे. नुसत्या वर्णनावरून विचारल्यास दुसऱ्याच झाडाचे नाव मिळण्याची भीती असते.

त्यानंतर दिनांक, गाव, जागेचे स्थानिक नाव, जमिनीचा प्रकार, झाडांची अंदाजे संख्या, फुलाचा रंग आणि वास यांची नोंद करावी. ताज्या फुलाचा रंग जागेवरच लिहावा, कारण वाळल्यानंतर तो टिकत नाही. छायाचित्रे तीन घ्यावीत. संपूर्ण झाड, पानांची जोडी व फूल जवळून, अशी ती असावीत. भ्रमणध्वनीवर घेतलेली छायाचित्रेही या कामी चालतात.

शक्य असल्यास फुलांसह एक फांदी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवावी. घड्या रोज बदलाव्यात, अन्यथा बुरशी लागते. एकाच ठिकाणी दोन-चारच झाडे असतील, तर फांदी तोडू नये, छायाचित्रावर भागवावे. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीविना काहीही तोडता येत नाही, याचीही जाणीव ठेवावी.

ओळख पटली नाही, तर अंदाजाने शास्त्रीय नाव लिहिण्यापेक्षा ते रकाना रिकामा ठेवणे श्रेयस्कर. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून आहे. आघारकर संशोधन संस्थेतही वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांचे साहाय्यही घेता येईल. जाणकारांकडून नाव निश्चित झाल्यावर नोंदवहीत ते कोणी व कधी निश्चित केले, हे लिहावे.

औषधी उपयोगांची माहिती लोक उत्साहाने सांगतात. ती सांगणाऱ्याच्या संमतीने जरूर नोंदवावी. परंतु ती लोकसमजूत म्हणून नोंदवावी. नोंदवहीत लिहिले आहे म्हणून कोणी पाला खाऊन पाहू नये. सर्पदंश, ताप किंवा जखम यांवर प्राथमिक आरोग्य केंद्राचाच आश्रय घेतला पाहिजे.

माळाचे मोल

घोडेघुई उघड्या, उन्हाच्या आणि गवताळ जागेत वाढणारी वनस्पती आहे. तिला दाट सावली मानवत नाही. म्हणून माळावर सरसकट खड्डे घेऊन लवकर वाढणारी परदेशी झाडे लावणे, हे दिसावयास हिरवे असले, तरी तिच्या दृष्टीने घर मोडण्यासारखेच ठरते. वृक्षारोपण आवश्यक आहेच. मात्र जागा निवडण्यापूर्वी पावसाळ्याच्या अखेरीस एकदा त्या माळावर फिरून तेथे काय उगवते, हे पाहिले पाहिजे. ज्या उतारावर अशा वनस्पती मुबलक आहेत, तो उतार गवतासाठी राखून झाडांना दुसरी जागा देता येईल.

गवतकापणीचा हंगाम आणि घोडेघुईचा बहर बहुधा एकाच वेळी येतो. गायरानाचा एखादा पट्टा दाणे पिकून गळेपर्यंत कापावयाचा ठेवला आणि पुढील वर्षी तो पट्टा बदलला, तर गवतही मिळेल आणि बीही जमिनीवर पडेल. उन्हाळ्यात वणवा लागू नये म्हणून जाळरेषा वेळेवर घेणे हाही याच कामाचा भाग होय. यांपैकी कशासाठीही मोठ्या निधीची जरूरी नाही. ग्रामसभेत विषय मांडून ठराव करणे एवढेच पुरेसे आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेतील एका शिक्षकाने आश्विन महिन्यात दहा-पंधरा मुले सोबत घेऊन गावच्या माळावर अर्धा दिवस घालवावा. खोड फिरवून पाहावे, पानांच्या जोड्या मोजाव्यात, वाळल्या फुलातील चार दाणे तळहातावर घ्यावेत आणि परत येऊन जे दिसले ते समितीच्या नोंदवहीत लिहावे. त्या पानावर घोडेघुईचे नाव आले, म्हणजे 'पडीक' म्हणून ठरलेल्या त्या तुकड्याविषयी पुढच्या ग्रामसभेत बोलताना गावकऱ्यांच्या हाती एक लेखी आधार असेल.